काकांना दिसणारे काका

मंगळवार, रात्र

काकांनी अखेर सगळं सांगितलं. रात्रपाळीत पहाटेच्या सुमारास सूत तुटलं म्हणून ते मागावर वाकले, गाठ मारून मान वर केली, तर पलीकडच्या मागापाशी तेच उभे. तोच निळा शर्ट, खांद्यावर तोच टॉवेल, कानात तसाच कापसाचा बोळा. "भूत असतं तर पळालो असतो गं. पण मला कळंना, मी इथला का तिथला."

जेमतेम मिनिटभर दिसतो म्हणे. त्याआधी पोटातून काहीतरी वर चढत येतं. हे कितीतरी दिवस चाललंय आणि लोक वेडा म्हणतील या भीतीनं माणूस गप्प बसला. माझ्या पोटात तेच तुटतंय. काकूनं सिद्धरामेश्वराला नवस बोललाय, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. देवळात गेली की तिला धीर येतो. पण "आपलंच रूप दिसणं चांगलं नसतं, जाणत्याकडे न्या" असं शेजारच्या आजी काकांच्या तोंडावर बोलल्या, तेव्हा त्यांचा चेहरा बघवेना.

मेंदूच्या डॉक्टरांना मात्र नवल वाटलं नाही. पोटातलं ते चढणं त्यांनी दोनदा विचारून घेतलं, झोप किती होते विचारलं. हातपाय न झटकता, शुद्ध न जाताही फिट येऊ शकते, म्हणाले. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेची नोंद, आणि एमआरआय झाल्यावर नक्की कळेल.

तेव्हापासून मी वाचत सुटलेय. कानाच्या जरा वर, मागच्या बाजूला मेंदूचे दोन भाग जुळतात. डोळ्यांना दिसलेलं, आतल्या कानानं सांभाळलेला तोल, कातडीनं आणि सांध्यांनी कळवलेलं, हे सगळं तिथे एकत्र होतं आणि 'मी या अंगात आहे' ही जाणीव उभी राहते. ती आपोआप नसते, मेंदू ती क्षणोक्षणी जुळवत असतो, हे मला आजवर माहीतच नव्हतं. 2006 साली ओलाफ ब्लांके यांच्या स्वित्झर्लंडमधल्या गटानं एक नोंद छापली. अपस्माराच्या, म्हणजे फिट येण्याच्या आजाराच्या, शस्त्रक्रियेआधी एका तरुणीची तपासणी चालू होती. मेंदूच्या डाव्या बाजूला त्या जागी बारीकसा विद्युतप्रवाह दिला, की तिला पाठीमागे कुणीतरी असल्यासारखं वाटायचं. ती झोपली की तो झोपलेला, ती बसली की तो बसलेला. तिनं पुढे वाकून गुडघ्यांना मिठी मारली, तेव्हा तो आपल्यालाच कवटाळतोय असं तिला वाटलं. प्रवाह थांबला की तोही नाही. हे काकांना वाचून दाखवलं, तर ते कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे हे दुसऱ्यालाबी होतं?"

झ्युरिकच्या एका तरुणाचंही वाचलं होतं, ते मी मुद्दाम वाचून दाखवलं नाही. अपस्माराच्या गोळ्या टाळल्या, अंथरुणात आपणच झोपलेले दिसलो, यातला खरा मी कोणता हे उमजेना आणि त्यानं खिडकीतून उडी मारली. झुडपावर पडला म्हणून वाचला. काकांचं 'इथला का तिथला' ऐकल्यापासून तो माझ्या डोक्यातून जात नाहीये. काकूला मात्र सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या तर बरं वाटतंय म्हणून मधेच बंद करायच्या नाहीत. तिनं ते लगेच मनावर घेतलं. ईईजीच्या आधी डोक्याला तेल लावायचं नाही, हेही.

झोप कमी पडली की फिट येण्याची शक्यता वाढते, मग काका रात्रपाळीला कसे जाणार? त्यात चालू मागाशेजारी तसलं काही झालं आणि हात आत गेला तर? मी मालकांना भेटून दिवसपाळी मागणार आहे, निदान तपासण्या होईपर्यंत टॉवेलच्या घड्या घालायचं काम तरी. काकांचं म्हणणं, घड्यांच्या कामात मजुरी निम्मी पण पडत नाही आणि धाकटीची फी भरायचीय. फीचं मी बघते म्हटलं, तर रागावले. काकूनं सध्या त्यांची कारखान्याची पिशवी कपाटात कुलपात ठेवलीय.