लॉन पिवळं पडलंय? आधी ओढून बघा

ऑक्टोबरमध्ये लॉनवर पिवळे चट्टे दिसले की पाइप लावून सकाळ-संध्याकाळ पाणी सुरू होतं. पुणे-नाशिककडच्या काळ्या मातीत ऑक्टोबरचे चट्टे बहुधा तहानेचे नसतातच. मुळं जुलै-ऑगस्टमध्येच गेलेली असतात, पाऊस थांबेपर्यंत कळत नाही इतकंच.

चट्ट्याच्या कडेचं गवत मुठीत धरून ओढा. सतरंजीसारखं उचलून आलं तर खाली हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी आहे. फूटभर लांब-रुंद जागा दोन-तीन इंच उकरून पाच-सहा पांढऱ्या, मुडपलेल्या अळ्या निघाल्या तर प्रकरण गंभीर. अळ्या मारणारी मेटारायझियम बुरशी लहान अळ्यांवर, ओल्या मातीत, म्हणजे जुलैत चालते. ऑक्टोबरच्या जाड अळ्या हाताने वेचाव्या लागतात. खरा बंदोबस्त वळवाच्या पहिल्या पावसानंतर. तेव्हा हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात. फांद्या हलवून खाली पाडायचे आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. आणि लॉनवर कच्चं शेणखत नको, ते हुमणीला आमंत्रणच.

गवत घट्ट आहे पण मातीला आंबूस वास येतोय? मग पाणी तुंबतंय. नर्सरीतल्या लॉनच्या लाद्यांखाली बऱ्याचदा चिकणमातीचा थर असतो, पाणी तिथेच अडतं. वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली झाल्यावर, फोर्कने चार इंच खोल, सहा-सहा इंचांवर भोकं पाडा आणि त्यांत वाळू व चाळलेलं कंपोस्ट झाडूने लोटा. १०० चौरस फुटांना पाव इंच थर म्हणजे सुमारे २ घनफूट, पाच-सहा घमेली. क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) असेल तर धुतलेलीच घ्या, नाहीतर तिची भुकटी भोकं बुजवते. थरातून गवताच्या पात्यांची टोकं वर दिसली पाहिजेत.

खत त्यानंतर आठवड्याने. तेवढ्याच जागेला १०० ग्रॅम युरिया, पाती कोरडी असताना फेकून, लगेच भरपूर पाणी. पाणी विसरलात तर फेकलेल्या मुठीच्या आकाराचे करपलेले डाग उठतात.

कापणीत घाई नको. झडीत चार इंच वाढलेलं गवत एकदम दीड इंचावर आणलं की खाली नुसत्या पिवळ्या काड्या उरतात. एका वेळी एक-तृतीयांशच कापा, चार-पाच दिवसांनी पुन्हा. कापल्यावर टोकं पांढरी, फाटलेली दिसली तर मशीनच्या पात्याला धार लावा.

लव्हाळा हे तण नुसतं उपटू नका. गाठ जमिनीत राहिली की ते परत येतंच. खुरप्याने गाठीसकट काढा.

डिसेंबरमध्ये लॉनची हरळी (दूर्वा) तपकिरी झाली तर ती मेलेली नाही, थंडीने थबकली आहे. तेव्हा पाणी चार-पाच दिवसांनी एकदाच, तेही सकाळी.