अप्रामाणिकपणाचा ठपका आणि चौकशीची नोंद

अमेरिकेत रेल्वे कामगाराला अप्रामाणिकपणाच्या आरोपावरून काढलं, तर लढाई बहुतेक वेळा कंपनीतल्या चौकशीतच जिंकली किंवा हरली जाते. १९२६च्या रेल्वे लेबर ॲक्टखाली वाद पुढे ॲडजस्टमेंट बोर्डाकडे, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या राष्ट्रीय मंडळाकडे जातो, नाहीतर पब्लिक लॉ बोर्डाकडे, म्हणजे कंपनी आणि युनियनने मिळून नेमलेल्या मंडळाकडे. या दुसऱ्यात तीन सदस्य: कंपनीचा, युनियनचा आणि तटस्थ. पण दोन्हीकडे नवे पुरावे सहसा चालत नाहीत. समोर असते ती फक्त चौकशीची नोंद. म्हणून आरोपपत्र मोघम असेल, महत्त्वाचा साक्षीदार बोलावला नसेल, कंपनी-युनियन करारातली मुदत उलटली असेल, तर हरकत चौकशीतच घ्यायची. मागाहून सुचलेला मुद्दा बोर्ड ऐकत नाही.

खरा कस लागतो हेतूवर. हजेरीत दोन तास जास्त भरले, ही चूक की लबाडी? वरिष्ठाने तसं भरायला सांगितलं होतं का? इतरही तसंच भरतात का? हे प्रश्न विचारून उत्तरं नोंदीत आणलीच पाहिजेत. लबाडी सिद्ध झाली, की रक्कम किती लहान होती याला फारशी किंमत उरत नाही. अनेक वर्षांची सेवाही क्वचितच वाचवते.

बोर्डाच्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते, पण कारणं तीनच: बोर्डाने याच कायद्याचं उल्लंघन करणं, अधिकारकक्षा ओलांडणं, किंवा बोर्डाच्या सदस्याने केलेली फसवणूक वा भ्रष्टाचार.