एंड टायटल्स संपेपर्यंत

मंगळवार, रात्री दीड

आज सतरा फिल्म्स बघून झाल्या. सांगलीतल्या विश्रामबागच्या खोलीत आम्ही तिघं, एक लॅपटॉप, एक जुना स्पीकर, भडंगाचा मोठा पुडा आणि वही.

वहीबद्दल आधी लिहायला हवं. लाल कापडी पाठीची, मार्केट यार्डात हळदीच्या हिशोबाला वापरतात तसली. 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी 45. पाणी उतरल्यावर आमचे चार सीनियर घराघरातला चिखल काढत फिरत होते. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये काही ना काही शूट केलेलं आहे, आणि ते दाखवायला जागा कुठंच नाही. पुढच्या जानेवारीत त्यांनी एका मित्राच्या गच्चीवर चादर बांधली आणि नऊ फिल्म्स दाखवल्या. आमचा शॉर्ट फिल्म फेस्टिव्हल तो असा सुरू झाला. मग कोरोना, मग पुन्हा सुरुवात. ते चौघं आता नोकरीला लागले, वही आमच्याकडे आली.

पहिल्या पानावर त्यांनी तीन नियम लिहिलेत. प्रवेश फी घ्यायची नाही. आलेली प्रत्येक फिल्म तिघांनी शेवटपर्यंत बघायची. नाकारली तर फोन करून सांगायचं, मेसेज टाकायचा नाही.

तिसरा नियम सगळ्यात जड जातो असं मला वाटायचं. आज कळलं, दुसरा जड आहे. चौथ्या मिनिटाला फिल्म कुठं चाललीय ते समजतं आणि हात आपोआप पुढे ढकलायला जातो. पण समोरच्या पोरानं त्यासाठी मित्रांची गाडी, आईची साडी, चुलत्याचं शेत मागून आणलेलं असतं. आपण अकरा मिनिटं बसू शकत नसू तर आपण निवडणारे कोण?

आजची अकरावी फिल्म जत तालुक्यातून आलेली. पूर्व भागातल्या एका वस्तीवरची, बोलणं अर्धं कानडी, अर्धं मराठी. उसाच्या तोडीला टोळी गेली की सहा महिने वस्ती रिकामी होते. मागं राहिलेला एक म्हातारा रोज संध्याकाळी दहा-बारा घरांच्या कड्या ओढून बघत फिरतो. बस, एवढीच गोष्ट. पाचव्या मिनिटापासून आवाज ओठांच्या मागे पडायला लागला, शेवटी शेवटी तर म्हाताऱ्याचं तोंड मिटल्यावर शब्द ऐकू येत होते. आमच्यातला एक म्हणाला, हे असं पडद्यावर नाही चालणार. खरं होतं. तरी शेवटच्या मिनिटात म्हातारा एका दाराची कडी ओढतो, कुलूप हलतं आणि तो कुलपाशीच बोलायला लागतो, तिथं आम्ही तिघंही गप्प झालो. नियम नसता तर तिथपर्यंत पोचलोच नसतो.


बुधवार

जतच्या पोराला फोन केला. बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘ताई, आमच्या मोबाइलवर तर बरोबर वाटतंय,’ म्हणाला. दोष त्याचा नव्हताच. मोबाइलचा कॅमेरा फ्रेम रेट एकसारखा ठेवत नाही. उजेड कमी झाला की सेकंदाला तीस फ्रेम्सच्या जागी कमी घेतो. एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र तीसच धरून चालतं, आणि आवाज हळूहळू सरकत जातो. त्याला सांगितलं, मूळ क्लिप्स आधी हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून काढ, तिथं ‘कॉन्स्टंट’ म्हणजे एकसारखा फ्रेम रेट निवड, मग एडिटला घे. अर्धा तास फोनवर होतो. त्याच्याकडे लॅपटॉप नाही, तालुक्याच्या गावी एका फोटो स्टुडिओत जाऊन करतो म्हणाला.

शेवटी विचारलं, ‘ताई, शेवटाला थोडी नावं वाढवली तर चालतील का?’ मी म्हटलं, वाढव की.


शुक्रवार

नवी फाइल आली. आठ मिनिटांपर्यंत बघितली, आवाज ओठांवर पक्का बसलाय. ओके कळवून टाकलं. अजून सहा जणांच्या फाइल्स यायच्यात, हॉलचं भाडं भरायचंय.

संध्याकाळी टेस्ट स्क्रीनिंग. गावभागातले एक काका दरवर्षी येतात, वय पंच्याहत्तरच्या पुढं, उभं आयुष्य हौशी नाटकात गेलेलं. शेवटच्या रांगेत जाऊन बसले आणि म्हणाले, ‘शब्दाचं शेपूट इथं येत नाही.’ आम्ही आवाज वाढवायला गेलो तर थांबवलं. ‘रिकाम्या हॉलमध्ये वाढवू नका. माणसं भरली की अंगावरचे कपडे आवाज पितात, तेव्हाचा अंदाज धरा. आणि खर्ज कमी करा आधी.’ खर्ज कमी केला आणि खरंच, त्याच आवाजात शब्द सुटे झाले. पोरं मिक्सिंग करतात इअरफोन लावून, तिथं जे भरदार वाटतं ते हॉलमध्ये नुसतं घुमतं. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी पहिलं मराठी नाटक उभं केलं ते याच गावात. माइक नव्हते तेव्हापासून इथले कान शेवटच्या रांगेतून ऐकत आलेत. आमच्या फेस्टिव्हलला असा प्रेक्षक फुकट मिळतो, ही माझ्या मते सांगलीची सगळ्यात मोठी देणगी आहे.

झोपताना फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँबद्दल परत वाचलं. मिशलिनचे टायर बनतात ते गाव. तिथल्या विद्यापीठातल्या फिल्म क्लबच्या पोरांनी 1979 साली शॉर्ट फिल्म्सचा एक आठवडा भरवला, 1982 पासून स्पर्धा सुरू केली, आणि आता दरवर्षी दीड लाखाच्या आसपास तिकिटं जातात. शॉर्ट फिल्मसाठी एवढी माणसं, तीही राजधानी सोडून! आकड्यापेक्षा मला ती पहिली तीन वर्षं जास्त ओळखीची वाटतात. त्यांच्याकडेही कुणीतरी रात्री दीड वाजता अकरावी फिल्म बघत बसलं असेल.


रविवार, रात्री

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

सकाळची भाषणं लांबली. दहाच्या ठोक्याला सुरू व्हायचं ते साडेदहा झाले. हॉलचे स्विच दाराजवळ आहेत आणि तिथं मी उभी होते. जतची फिल्म तिसरी. पोरगा पहिल्या एसटीनं आलेला, सोबत आई, आठ-नऊ वर्षांची बहीण, आणि फिल्ममधला म्हातारा, म्हणजे त्याचा सख्खा आजा. पांढरं धोतर, इस्त्रीचा शर्ट, डोक्याला पटका. सगळे पुढून दुसऱ्या रांगेत.

फिल्म संपली. टाळ्या झाल्या, चांगल्या झाल्या. पडदा काळा झाला, पहिलं नाव आलं आणि मी दिवे लावले. घड्याळ डोळ्यासमोर होतं, चहाची वेळ होऊन गेलेली. खुर्च्या सरकल्या, माणसं उठली. उजेडात पडदा इतका फिका पडला की पांढरी अक्षरं असून नसल्यासारखी.

मी चहाच्या टेबलाकडे निघाले तर दुसऱ्या रांगेत चौघं तसेच बसलेले. बहीण उभी राहून, डोळे बारीक करून पडद्यावरचं वाचायला बघत होती. आजोबांनी मला हाक मारली. ‘पोरी, नावं आली का गं? समद्यांची टाकलीत म्हणला हुता. मला वाचाय येत न्हाई, ही वाचणार हुती.’

पोरगा म्हणाला, ‘असू दे ताई, वेळ झाला असंल.’ रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं.

लॅपटॉपपाशी गेले आणि शेवट उघडला. एक मिनिट पन्नास सेकंदांची नावं होती. शुक्रवारी मी आठव्या मिनिटाला थांबले होते. वहीतला नियम मी मोडला होता, आणि आज दुसऱ्यांदा मोडला, तोही भर हॉलमध्ये.

चहानंतर माइक घेतला. सांगितलं की फिल्मचा शेवट दाखवायचा राहिला, चूक माझी आहे, पुढच्या फिल्मच्या आधी तेवढी दोन मिनिटं दाखवतोय. पुढच्या फिल्मवाल्या मुलींना आधी विचारलं होतं, त्या लगेच हो म्हणाल्या. दिवे मी स्वतः बंद केले आणि हात स्विचवरून काढून पाठीमागे धरून उभी राहिले.

अंधारात बहिणीचा आवाज आला. शाळेत धडा वाचतात तसा, एकेक शब्द तोडून. कॅमेरा कुणाचा. गाडी कुणी दिली. बल्ब कुणी धरला. ‘शूटिंग चालू असताना कोंबड्या गप्प ठेवल्या,’ आणि पुढं एका बाईचं नाव. हॉल हसला. आजोबा मोठ्यानं म्हणाले, ‘व्हय, तिनंच.’

मग पडदा क्षणभर काळा राहिला आणि एक ओळ आली: ‘तोडीला गेल्यामुळे जे या फिल्ममध्ये नाहीत.’ त्याच्याखाली नावं. घरवार. नवरा, बायको, पोरं, कुणाचं वय तीन, कुणाचं सात. फिल्मभर ज्या कड्या आजोबांनी ओढल्या त्याच क्रमानं. बहीण वाचत होती आणि प्रत्येक घरानंतर आजोबा हुंकार देत होते, हजेरी घेतल्यासारखा. एका घरापाशी तिला जोडाक्षर जमेना, ती अडली. आजोबांनीच ते नाव सांगितलं.

कुणी उठलं नाही. गावभागातले काका शेवटच्या रांगेत होते. नंतर मला एवढंच म्हणाले, ‘आलं. मागंपर्यंत आलं.’

संध्याकाळी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. साखर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडलेला, रिक्षा अर्धा तास हलली नाही. आजोबा बाहेर वाकून प्रत्येक ट्रॅक्टरवर कोण बसलंय ते बघत होते. आई म्हणाली, ‘मामा, आपली टोळी कर्नाटकात हाय, हिकडं न्हाई.’ ते म्हणाले, ‘म्हाईत हाय.’ आणि बघतच राहिले.

जतची गाडी सुटल्यावर परत खोलीवर आले. भाड्यानं आणलेल्या केबल्स मोजल्या, एक कमी आहे, सकाळी हॉलमध्ये शोधायची. हॉलची किल्ली नऊच्या आत परत द्यायचीय. मग वही काढली आणि तिसऱ्या नियमाखाली लिहिलं: ‘शेवटचं नाव जाईपर्यंत दिवे लावायचे नाहीत. नवी फाइल आली की ती पहिल्यापासून शेवटपर्यंत परत बघायची.’ बाकीच्या दोघांनी खाली सह्या केल्या.