बोळा, बूच आणि स्टॉप

‘स्टॉप’ या इंग्रजी क्रियापदाची कुळकथा शोधत मागे मागे गेलं की शेवटी हाती लागतो तो बोळा. अक्षरशः बोळा. लॅटिनमध्ये ‘स्तुप्पा’ म्हणजे जवसाच्या ताटांतून लिननचं चांगलं सूत काढून घेतल्यावर उरणारा जाडाभरडा चोथा. जहाजाच्या फळ्यांमधल्या फटींत तो ठासून भरत. रोमजवळच्या ऑस्तिया बंदरात हे काम करणाऱ्या कारागिरांना नावच होतं स्तुप्पातोर. पुढे त्या चोथ्यावरून ‘स्तुप्पारे’, म्हणजे बोळा कोंबणे, हे क्रियापद झालं आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते तेच जर्मन कुळातल्या भाषांमधून इंग्रजीत उतरलं. जुन्या इंग्रजीत ते भेटतं तेही कान बुजवण्याच्या अर्थानं. थांबण्याचा, संपण्याचा तिथे मागमूस नाही.

तोंडाला बूच बसलं की बोलणं बंद होतं, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. इंग्रजीतही तसंच झालं असावं. भोक बुजवलं की पाणी थांबतं. हळूहळू लोकांचं लक्ष भोकावरून उडून पाण्याकडे गेलं, आणि पंधराव्या शतकाच्या सुमारास चालत्या गोष्टीला थांबवण्यासाठीही ‘स्टॉप’ वापरात आला.

जुना अर्थ मात्र कारागिरांनी सोडला नाही. प्लंबर ‘स्टॉपकॉक बदलावा लागेल’ म्हणतो तेव्हा शब्द अगदी स्वतःच्या घरी असतो. दाढेतला खड्डा भरण्याला ब्रिटिश लोक ‘स्टॉपिंग’ म्हणत. आता हे फारसं ऐकू येत नाही, पण शब्द चपखल होता. दाढ थांबत नाही, बुजते.

मला सर्वांत गंमत वाटते ती पेटीची. पेटीच्या पुढच्या बाजूला ज्या खुंट्या असतात त्यांनाही स्टॉपच म्हणतात. हा वारसा चर्चमधल्या प्रचंड ऑर्गनचा. तिथे नळ्यांच्या रांगाच्या रांगा असतात आणि प्रत्येक रांगेची हवा एकेका स्टॉपनं अडवलेली असते. आपल्या पेटीत नळ्यांच्या जागी पितळी सूर, म्हणजे हवेनं थरथरणाऱ्या पट्ट्या, एवढाच फरक. खुंटी आत असेल तर भाता कितीही हलवा, त्या सुरांना हवाच मिळत नाही. नवशिक्या पेटीवाला बैठक जमल्यावर ऐटीत भाता मारतो, आवाज फुटत नाही, आणि शेजारचा तबलजी न बोलता हात लांबवून खुंटी ओढतो. म्हणजे इथे गाणं सुरू करायचं तर स्टॉप बाहेर काढायचा! सगळी ताकद पणाला लावण्याला इंग्रजीत ‘सगळे स्टॉप ओढणे’ म्हणतात, ते या ऑर्गनवरूनच.

फोटोग्राफरांचं तेच. ‘एक स्टॉप कमी कर’ म्हणजे प्रकाश निम्मा कर. आज ते बोटानं चकती फिरवण्याचं किंवा स्क्रीनवरचा आकडा बदलण्याचं काम आहे, पण 1858 साली जॉन वॉटरहाउस नावाच्या गृहस्थानं लहानमोठ्या भोकांच्या पत्र्याच्या पट्ट्या केल्या, त्या भिंगाच्या खाचेत सरकवायच्या. प्रकाशाच्या वाटेतला बोळाच तो, फक्त मधोमध भोक ठेवलेला.

एवढं झाल्यावर रस्त्यावरचा ‘स्टॉप’ जरा पोरका वाटतो. डेट्रॉइटमध्ये 1915 साली पहिली स्टॉपची पाटी लागली म्हणतात. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं. लाल रंग बराच नंतरचा. तिथे बोळा कुणाला आठवणार? आणि बस स्टॉपवर तर संपत काहीच नाही. उलट तिथेच उभं राहून माणूस बस कधी येणार म्हणून माना वेळावतो.

पुण्यातल्या कर्वे रस्त्यावर नळ स्टॉप आहे. तिथे पूर्वी पाण्याचा नळ होता म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. आता त्या नावाचं मेट्रो स्टेशनही झालं आहे. पण व्युत्पत्तीच्या नजरेनं वाचलं तर अर्थ निघतो ‘नळाला बूच’, आणि उन्हाळ्यात पुणेकरांना तो अधिक पटेल.