उपचार संपले, भीती मागे राहिली

केमोच्या काळात मी बऱ्यापैकी सावरलेली होते. रोज काही ना काही करायचं असायचं: रक्ततपासणी, गोळ्या, पुढची तारीख. शेवटचं रेडिएशन झालं, सगळ्यांनी "सुटलीस एकदाची" म्हणून मिठी मारली, आणि तिथून पुढे माझी झोप उडाली. पाठ दुखली की वाटायचं, कॅन्सर हाडात गेला. खोकला आला की फुप्फुसात. पहाटे जाग यायची तीच छातीत धडधड घेऊन.

बायोप्सीचा निकाल मला फोनवर कळला होता. मी कपडे वाळत घालत होते. पलीकडून 'मॅलिग्नंट', म्हणजे कॅन्सरची गाठ, एवढं ऐकू आलं, पुढचं काहीच नाही. हातातल्या ओल्या अभ्र्यातून पायावर पाणी ठिबकत होतं, ते मात्र लख्ख आठवतं. अजूनही अनोळखी नंबर दिसला की आधी हात गार पडतात, विचार नंतर सुरू होतात. स्पिरिटचा वास आला की पोटात ढवळतं, सुई कुठे जवळपासही नसते.

हे मनाचे खेळ नाहीत, हे मला मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी समजावलं तेव्हा पहिल्यांदा मोकळं वाटलं. मेंदूतला अमिग्डाला नावाचा भाग धोक्याची खूण धरून ठेवतो आणि आपण विचार करायच्या आत शरीराला पळायला तयार करतो. केमोआधीच मळमळणं डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचं असतं. स्कॅन जवळ आला की जीव टांगणीला लागणं तर इतकं सर्रास आहे की इंग्रजीत त्याला 'स्कॅन्झायटी' असं नावच पडलंय.

"पॉझिटिव्ह राहा" म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, मला ठाऊक आहे. पण त्याने आजारी माणसाच्या मागे भीती लपवायचं आणखी एक काम लागतं. घाबरल्यामुळे कॅन्सर परत येतो असं सिद्ध झालेलं नाही. मग रडू तरी द्या ना! नवरा सुरुवातीला म्हणायचा, "अगं, रिपोर्ट चांगला आलाय, आता कसली काळजी?" एकदा त्याला शांतपणे सांगितलं, "मला पटवून देऊ नकोस, नुसता शेजारी बस." तेव्हापासून तो बसतो. माझी पाठ त्याच्या हाताला लागलेली असते आणि मी श्वास आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ घेते. त्याने धडधड हळूहळू उतरते.

कॅन्सरच्या रुग्णांच्या मनाकडे बघणारी सायको-ऑन्कोलॉजी ही वेगळी शाखा आहे. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयात जिमी हॉलंड यांनी १९७७ साली तिथला मानसोपचार विभाग उभा केला आणि या शाखेचा पाया घातला. या शाखेत एक अगदी साधं साधन वापरतात, डिस्ट्रेस थर्मामीटर. गेल्या आठवड्यातला त्रास ० ते १० मध्ये किती, एवढंच विचारायचं. ४ किंवा त्याहून जास्त आला तर पुढे चौकशी करायची. मला उपचारांच्या काळात हे कुणी विचारलं नाही, याचं वाईट वाटतं. ताप दर वेळी मोजला जायचा. आता मीच तपासणीला जाताना आकडा वहीत लिहून नेते आणि डॉक्टरांसमोर ठेवते. "फार भीती वाटते" यापेक्षा "आठ आहे" म्हटलं की ते पेन खाली ठेवून ऐकतात.

बाईंबरोबर त्या फोनची आठवण थोडी थोडी उलगडत गेले, दर वेळी झेपेल तेवढीच. गोळ्याही घेतल्या, त्यात लाज कसली? फक्त आपली सगळी औषधं कॅन्सरच्या आणि मनाच्या, दोन्ही डॉक्टरांना सांगा. टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कॅन्सरवरची गोळी चालू असेल तर हे फार महत्त्वाचं, कारण पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन यांसारख्या नैराश्यावरच्या काही गोळ्या शरीरात त्याचं सक्रिय रूप तयार होण्याच्या आड येतात. दुसऱ्या गोळ्यांचा पर्याय असतो. मनानेच काही बंद मात्र करू नका. आणि जगणंच नको असे विचार येऊ लागले तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी कुणाला तरी सांगा.

स्कॅनची वेळ घेतानाच मी आता रिपोर्ट कधी आणि कोण सांगणार तेही विचारून घेते. फोनवर सांगू नका, समोर बसवून सांगा, असं माझ्या फाइलवर लिहून घेतलंय.