केबलचोर आणि रांझ्याचा पाटील

मी सांगलीच्या कोर्टात सरकारी वकील आहे. शेतातल्या मोटारीची केबल चोरणं हा आमच्याकडचा नेहमीचा गुन्हा. रात्री केबल तोडायची, ओढ्यात नेऊन जाळायची आणि आतलं तांबं भंगारात घालायचं.

या प्रकरणात केबल ४,२०० रुपयांची होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पाच हजारांच्या आतली चोरी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्यानं किंमत भरून दिली, तर शिक्षा एकच : समाजसेवा. जुन्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद होती. शिवाय गुन्हा आता अदखलपात्र, म्हणजे तपासालाच मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागतो. फिर्यादी आण्णांनी त्यासाठीही हेलपाटे घातलेले. द्राक्षाचे मणी फुगायची वेळ आणि बागेला पाणी बंद! त्यांचा संताप मला पूर्ण पटत होता.

विशीतल्या पोरानं गुन्हा कबूल केला. आईनं पिशवीतनं पैसे काढले. त्यात दहा-दहाच्या नोटाही होत्या.

व्हरांड्यात आण्णा मला म्हणाले, "महाराजांनी रांझ्याच्या पाटलाचे हातपाय तोडले. आन् तुमी ह्याच्या हातात झाडू देताय?"

"आण्णा, तो पाटील होता," मी म्हणाले. "गावचा मोकदम. बाईशी बदअंमल केला. महाराजांनी त्याची पाटीलकीही काढून घेतली. पाटील म्हणून सोडलं नाही, ही त्या शिक्षेची जरब."

रांझ्याचा दाखला मी कोर्टात कितीदा ऐकलाय. देणाऱ्याच्या समोर दर वेळी असंच एखादं फाटकं पोर उभं असतं. हात तोडायचा कायदा आज आणला तर पहिले हात अशांचेच तुटतील, याविषयी मला शंका नाही.

आण्णा थोडं थांबले. "बरं. मग तांबं घेणारा कुठाय? त्यो भंगारवाला?"

कागदांत त्याचं नावच नव्हतं. जळक्या केबलचं तांबं कुठून येतं, हे भंगारवाल्याला कळत नाही असं कोण म्हणेल? चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला याच संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि तिथं पाच हजारांची सवलत नाही.

आत गेल्यावर मी बागेच्या नुकसानीची भरपाई मागितली. कोर्टानं पोराला ग्रामीण रुग्णालयात साफसफाईचं काम दिलं आणि भरपाई हप्त्यानं द्यायला सांगितली. आण्णांना ती कमीच वाटली. मलाही.

संध्याकाळी पोलीस ठाण्याला पत्र लिहिलं : माल कुणी घेतला, त्याचा तपास करून कळवावं. आण्णा तोवर बाकावर बसून होते. पत्राची एक प्रत त्यांनी मागून घेतली.