आडनाव-वही : शुल्ट्सचं कोडं एकदाचं सुटलं

जर्मन आडनावांचे अर्थ एका वहीत टिपणं चालू आहे. म्युलर मागेच उरकला. गिरणीवाला, संपलं. या महिन्यात शुल्ट्स घेतला, जर्मनीतल्या पहिल्या दहा आडनावांतला. 'शूलं' म्हणजे शाळा, तेव्हा हा मास्तर असणार असं ठोकून दिलं, आणि पंधरा दिवस वहीत तेच राहिलं. साफ चूक.

मूळ शब्द 'शुल्टहाइस'. त्यातला 'शुल्ड' आज दोन अर्थांनी चालतो : देणं आणि अपराध. कर्ज आणि दोष एकाच शब्दात, यावर स्वतंत्र पान होईल. दुसरा तुकडा 'हाइसन'. इथे मी कपाळावर हात मारला. जर्मनच्या पहिल्याच तासाला 'इश हाइसं अमुक' घोकलेलं असतं ना, तेच हे क्रियापद! आज अर्थ 'नाव असणे', पण जुना अर्थ 'फर्मावणे'. म्हणजे शुल्टहाइस हा 'देणं चुकतं कर' असं फर्मावणारा. गावचा प्रमुख : सारा वसूल करायचा, लहानसहान तंटे मिटवायचे. मध्ययुगात जर्मनांनी पूर्वेकडे वसवलेल्या नव्या गावांत हे पद बऱ्याचदा वंशपरंपरेनं चाले आणि सोबत साऱ्यातून सूट असलेली जमीन मिळे. पाटीलकीचं वतन आणि इनाम आठवल्याशिवाय राहत नाही.

हा शब्द भटकलाही बराच. इटलीत उतरलेल्या लोम्बार्ड या जर्मॅनिक टोळीच्या 643 सालच्या कायद्यात तो 'स्कुल्डाहिस' म्हणून भेटतो. डचांनी त्याचा 'स्खाउट' केला, पोलंडमध्ये तो 'सोल्तिस' झाला. पोलंडमधल्या गावांत आजही सोल्तिस निवडून येतो. सायलेशियाकडचं (आज बहुतेक पोलंडमध्ये असलेला प्रांत) रूप शोल्त्स, जर्मनीचे माजी चान्सलर ओलाफ शोल्त्स यांचं.

सगळ्यात आवडला तो संगीतकार मिखाएल प्रेटोरियस. घरचं आडनाव शुल्त्सं, म्हणजे शुल्ट्सचंच एक रूप, पण त्या काळच्या शिकलेल्यांच्या रीतीप्रमाणे त्याचं लॅटिन करून टाकलेलं. 'प्रेटर' म्हणजे रोमचा न्यायाधिकारी, म्हणून प्रेटोरियस. उलट तऱ्हा जर्मनीत सहकारी पतसंस्था उभ्या करणाऱ्या हेरमान शुल्त्सं यांची. 1848 साली प्रशिया या जर्मन राज्याच्या राष्ट्रीय सभेत इतके शुल्त्सं जमले की ओळख पटावी म्हणून त्यांना जन्मगावाचं डेलिच नाव मागे जोडावं लागलं.

वहीतला 'मास्तर' पुसलेला नाही, नुसती काट मारून ठेवलाय. पुढचा नंबर मायरचा. त्याची स्पेलिंगं आत्ताच पाच सापडली आहेत.